तहकूब

हात मीच मोजले होते.
शाळेच्या ओट्यावर उभा राहून, पायताण काढून,
खडूने भिंतीवर पाचा-पाचाच्या काड्या मारत.
संघातून निघायचं: एकशे एकोणनव्वद.
राहायचं: एकशे पंच्याऐंशी.
ठगूबाईचा हात अर्धाच वर होता,
खांदा दुखतो म्हणाली. मी धरला.

मग वहीत लिहिलं, निळ्या शाईने,
कासवे गाव धामणदरच्या पाणी संघातून बाहेर पडत आहे.
'आहे' लिहायला किती सोपं.

पांझरेला कोण सांगणार?
बंधारा धामणदरच्या शिवारात, पाट दोघांचा,
शेवटचा फड आमचा.
पणजोबांच्या काळापासून एका फडात एकच पीक,
जागल्या एक, पाटकरी एक,
भांडणंसुद्धा सामाईक.
निघायचं म्हणजे काय उचलून निघायचं?

पाणी मोजून घेऊ, मग निघू. ठराव पडला.
पाणी सोडू, आपापल्या विहिरी खोदू. पडला.
दुरुस्तीच्या कर्जातला आपला वाटा भरू,
यावर तर हात खिशातून बाहेरच आले नाहीत.
मग वेडूआप्पा म्हणाले, जाऊ द्या, राहूच.
तोही पडला,
आणि त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या,
कशासाठी ते मी लिहिलेलं नाही.

पुढे वहीत एकच शब्द.
सभा तहकूब. चहापानानंतर तहकूब.
अध्यक्षांच्या साडूच्या दहाव्यामुळे तहकूब.
तीन वर्षांत माझ्या 'त'चं वळण सुधारलं.
खालच्या फडात हरभरा फुलावर येऊन वाळला
तेव्हा उपविभागाचं पत्र आलं:
आपण संघात आहात की नाही, कळवावे.

आज रात्री पोरं आली. हिलालआण्णाचा भटू पुढे, खांद्यावर पहार.
"नाना, आम्हना हात खोटा व्हतात का?
हात वर करीसन काय व्हयनं?"
बंधाऱ्यावरच्या दाराचं कुलूप तोडायचं,
कचेरीला दुसरं ठोकायचं.
किल्ली नको होती त्यांना.
वही हवी होती, पुरावा म्हणून.

खोटे नव्हते रे हात.
सांगितलेलं करायचं नाही
आणि नाही करत हेही सांगायचं नाही,
अशा खुर्च्यांचा राग मलाही येतो,
मी त्यांच्याच पंख्याखाली बसून लिहितो.
माझ्या बापाने एकदा सांडव्याची फळी काढली होती, मध्यरात्री.
आमचा गहू वाचला. लोक अजून नाव काढतात.
झिपरूबोवांची कोथिंबीर तेवढी वाहून गेली,
ते मरेपर्यंत आमच्या ओट्यावर बसले नाहीत.

आणि भटू, तुला आठवत नसेल,
तू त्या दिवशी हात वर केला होतास.
मी वगळला. सोळाचा होतास.
तुझ्यासारखी सव्वीस पोरं नंतर मिसरूड फुटून मोठी झाली.
एकशे एकोणनव्वदांतले अकरा नदीकाठी गेले.
ठगूबाई गेली.
तिचा हात आता कुठे धरू?
पुन्हा मोजू म्हटलं तर तू म्हणशील, नाना फिरले.
नाही मोजलं तर
मेलेल्यांच्या हातांनी तू कुलूप तोडशील.

हे सगळं मी बोललो नाही.
"वही संघाची आहे" एवढंच म्हणालो,
आणि माझं मलाच हसू आलं.
कुठल्या संघाची?

ते गेले. पाठोपाठ कुत्री गेली.
धामणदरच्या बाजूलाही बॅटऱ्या हलताहेत, वीस, बावीस,
इथून मोजता येत नाहीत.

मी वही उघडली. तारीख टाकली, वेळ टाकली.
"... दाराचे कुलूप तोडले."
आधीचा शब्द सुचत नाही.
'ग्रामस्थांनी' लिहिलं तर ठराव होतो,
'जमावाने' लिहिलं तर गुन्हा.
लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज आला,
एकदा. मग थांबला.
पाणी येतंय की नाही, अजून कळत नाही.
ओळीच्या सुरुवातीला
मी चार बोटं जागा सोडली आहे.